तुम्ही विचारलंत म्हणून: त्या हरल्या नव्हत्या

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मध्यरात्रीच्या सुमाराला माणसं झेंडे घेऊन रस्त्यावर आली होती, गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे ग्राउंडवर गेले, तर एका मुलीचे बाबा म्हणाले, "मॅडम, याच स्टेडियमवर आपल्या फुटबॉलच्या मुलींची पण मोठी स्पर्धा झाली होती ना, कोविडच्या वेळी? पहिल्याच फेरीत हरल्या ना त्या?"

त्यानंतर हाच प्रश्न सोसायटीतल्या काकूंनी विचारला, बँकेच्या रांगेत एकांनी विचारला, माझ्या सख्ख्या भावाने विचारला. मी नेरुळमध्ये मुलींना फुटबॉल शिकवते, त्यामुळे मलाच विचारणार. दरवेळी मी घाईत "नाही हो, हरल्या नव्हत्या" एवढंच म्हणते आणि समोरच्याला वाटतं, ही आपल्या खेळाची बाजू घेतेय. म्हणून एकदा सगळं सांगते.

स्पर्धा होती महिला आशिया चषक. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२. सामने नेरुळला, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर आणि पुण्यात बालेवाडीला. आधी आठ संघ असायचे, त्या वर्षी पहिल्यांदा बारा झाले. भारत यजमान म्हणून थेट आत होता. मुख्य स्पर्धेत आपला संघ त्याआधी दिसला होता तो २००३ मध्ये. आपण या स्पर्धेत एकेकाळी दोनदा उपविजेते होतो, एकदा कालिकतला आणि एकदा १९८३ मध्ये बँकॉकला, हे आज सांगितलं तर लोकांना खरंच वाटत नाही.

आणि पणाला फक्त चषक नव्हता. २०२३ च्या विश्वचषकात आशियातून यजमान ऑस्ट्रेलियाशिवाय आणखी पाच संघ थेट जाणार होते, आणि ते पाच इथूनच ठरणार होते. बारातले आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार. तिथे जिंकलात तर विश्वचषक, हरलात तरी प्लेऑफची आणखी एक संधी. म्हणजे गटातून वर आलं की विश्वचषकाचं दार समोर. भारतीय महिला फुटबॉलसाठी ते दार इतकं जवळ मी तरी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं.

तयारीही मनापासून झालेली होती. प्रशिक्षक थॉमस डेनरबी, ज्यांच्या हाताखाली स्वीडनच्या महिला २०११ च्या विश्वचषकात तिसऱ्या आल्या होत्या. कर्णधार आशालता देवी, गोलमध्ये अदिती चौहान. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघ ब्राझीलला जाऊन खेळून आला होता. सामना ६-१ ने गेला, पण तो एक गोल मनीषा कल्याणचा होता, ब्राझीलच्या विरुद्ध, ब्राझीलमध्ये. माझ्या मुलींनी तो गोल मोबाईलवर किती वेळा पाहिला असेल! वॉर्मअपला उशिरा येणाऱ्या मुलीसुद्धा त्या आठवड्यात वेळेवर येत होत्या.

मग तिसरी लाट आली. जानेवारीत शाळा बंद, माझी बॅच बंद. चौदा मुली चौदा घरांत, आणि आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप.

२० तारखेला संध्याकाळी मी गच्चीवर गेले. आमच्या गच्चीवरून स्टेडियमचे दिवे दिसतात. ते लागलेले पाहिले आणि खाली येऊन टीव्हीसमोर बसले. समोर इराण. त्यांची ही पहिलीच आशिया चषक स्पर्धा, जागतिक क्रमवारीत आपण ५५ वे, ते ७०वे. जिंकायलाच हवा असा सामना होता आणि आपण खेळलोही तसेच. चेंडू जास्त वेळ आपल्याकडे, चढाया आपल्या, पण शेवटचा पाय लागत नव्हता. उत्तरार्धात ग्रेस डांगमेईचं जवळून मारलेलं हेडर त्यांची गोलकीपर झोहरे कूदाईने अडवलं. मी तेव्हा सोफ्यावरून उठून उभी होते. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

सामना संपल्यावर दहाच मिनिटांत ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आमची गोलकीपर, आठवीतली पोर. घरातल्या दोन गाद्या हॉलमध्ये ओढून आणलेल्या, भाऊ उशीचा अभ्रा गुंडाळून तिच्या डाव्या बाजूला फेकतोय आणि ही उडी मारतेय. खाली लिहिलेलं, "मॅम, कूदाई." मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. हात आधी गेले होते, नजर अभ्र्यावर होती, अंग कुशीवर पडलं होतं, सगळं शिकवल्यासारखं. फक्त खालचं कोपर अंगाखाली दुमडलं जात होतं. गादीवर चालतं, आमच्या मुरमाच्या ग्राउंडवर सोलून निघालं असतं. मी तिला तेवढंच कळवलं. तिने पुन्हा करून पुन्हा व्हिडिओ पाठवला. कोपर सरळ. आपला संघ बरोबरीवर अडकल्याचं दुःख त्या पोरीला होतंच, पण प्रतिस्पर्ध्याच्या गोलकीपरकडून काय घ्यायचं ते तिने त्याच रात्री घेतलं होतं.

२३ जानेवारी, रविवार, संध्याकाळी साडेसात. सामना चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी. खेळात तो संघ याच नावाने उतरतो. क्रमवारीत ते ३९ वे, पण तीनच महिने आधी बहरीनमधल्या मैत्रीपूर्ण सामन्यात आपण त्यांना १-० ने हरवलेलं होतं. २६ तारखेला चीनशी खेळायचं होतं आणि तिथून काही मिळण्याची आशा कुणी धरत नव्हतं, म्हणून सगळा हिशोब या रविवारवर होता. मी मुलींना सांगून ठेवलं होतं, संघ जाहीर झाला की कोण कुठे खेळणार ते कागदावर काढा.

संघ जाहीर झालाच नाही. तैपेईची अकरा नावं आली, आपली आली नाहीत. ग्रुपवर "मॅम, आपलं कुठाय?" "मॅम, माझ्याकडे दिसत नाहीये" असे मेसेज येत राहिले. मी टीव्ही बंद करून चालू केला. मग कळलं की आपल्या संघात कोविड शिरलाय. बातम्यांत बारा जणी पॉझिटिव्ह असल्याचा आकडा होता, शिवाय दुखापती. त्या स्पर्धेसाठी कोविडचे खास नियम होते: सामन्याला किमान तेरा खेळाडू उभ्या करता आल्या पाहिजेत. तेरा होत नव्हत्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तेरा खेळाडू उभ्या करू न शकणाऱ्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं धरायचं, हा नियम. तो एक सामना तैपेईला देऊन विषय संपला नाही. भारत स्पर्धेतूनच बाहेर. आणि माघार घेतलेल्या संघाचे आधी झालेले सामनेही रद्दबातल. म्हणजे २० तारखेची ती नव्वद मिनिटं, अदितीने राखलेला गोल, ग्रेसचं हेडर, सगळं गुणतक्त्यातून गेलं. गटात तीनच संघ उरले.

यात इराणचंही गेलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्यांदा या स्पर्धेत आलेल्या त्या मुलींनी पहिल्याच सामन्यात यजमानांना रोखून एक गुण मिळवला होता. तोही पुसला गेला. पुढे चीनकडून ७-० आणि तैपेईकडून ५-० हरून त्या परत गेल्या, शून्य गुणांनी. कूदाईने वाचवलेला गोल आता कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. आमच्या ग्रुपवर त्या दोन व्हिडिओंत मात्र आहे.

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो आधीपासून लिहिलेला होता, सगळ्या संघांना माहीत होता, आणि बाकीचे अकरा संघ लाटेच्या ऐन मध्यात परक्या देशातल्या हॉटेलांत राहत होते. बायो-बबल, म्हणजे संघाला बाहेरच्या माणसांपासून वेगळं ठेवायची सोय, कुठे फुटला, कुणाचं चुकलं, यावर तेव्हा पुष्कळ बोलणं झालं, मला त्यात शिरायचं नाही. पण सामना दोन दिवस पुढे ढकलायला हवा होता असं मला त्या रात्री वाटलं आणि आजही वाटतं. वेळापत्रक घट्ट होतं, हे कळतं. तरीही. कितीतरी महिने घर सोडून शिबिरात राहिलेल्या मुली खोल्यांमध्ये बंद बसल्या आणि स्टेडियम तिथेच, त्यांच्यासाठी सजलेलं. मला हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

पुढचं पटकन सांगते, कारण मी ते नीट पाहिलंच नाही. फिलिपिन्सने पुण्यात तैपेईला पेनल्टीवर हरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विश्वचषक गाठला. तिथे पुढच्या वर्षी त्यांनी न्यूझीलंडला हरवूनही दाखवलं. व्हिएतनाम प्लेऑफमधून गेलं, शेवटच्या सामन्यात तैपेईला २-१ ने हरवून. अंतिम सामना मात्र पाहिला, नेरुळचाच: दक्षिण कोरिया मध्यंतराला २-० ने पुढे आणि चीन शेवटच्या क्षणी ३-२ ने विजेता. फार मोठा सामना झाला. पण मला राहून राहून तैपेईच दिसत होतं. ज्यांना आपण तीन महिन्यांपूर्वी हरवलं होतं, ज्यांच्याशी आपल्याला खेळताच आलं नाही, ते विश्वचषकापासून एका सामन्यावर जाऊन थांबले. आपण तिथवर गेलो असतो, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रविवारी ५-० ने हरलोही असतो. पण मग तुम्ही "हरल्या ना?" विचारलं असतंत तेव्हा मी "हो, हरल्या" म्हटलं असतं आणि कुठे चुकलं ते सांगितलं असतं.

माझा या शब्दावर एवढा राग का, तेही सांगून टाकते. दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी पालक येतात आणि म्हणतात, "मॅडम, यंदा दहावी आहे, थांबवतोय." मी म्हणते, आठवड्यातून दोनच दिवस येऊ दे. मग हळूच पुढचं वाक्य येतं: "तसंही फुटबॉलमध्ये आपल्या मुलींचं कुठे काय होतं? त्या आशिया कपात बघा ना, घरच्या मैदानावर हरल्या." न हरलेल्या मुलींची हार माझ्या बॅचमधल्या पोरींच्या नावावर अशी लागत जाते. जून २०२३ मध्ये आमची ती गोलकीपर गेली. खेळात कमी पडली म्हणून नाही. त्या वर्षी तिने जिल्ह्याच्या सामन्यांत सलग तीन वेळा गोल खाल्ला नव्हता. क्लासची वेळ आणि ग्राउंडची वेळ एक आली, एवढंच. तिचे ग्लोव्हज माझ्या किटबॅगेत राहिले.

राष्ट्रीय संघ त्यानंतर थांबला नाही. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडला चियांग माईत पात्रता सामने होते. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि शेवटी यजमान थायलंडलाच २-१. त्या सामन्यातले दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जाण्याची ही आपली पहिलीच वेळ. यजमान म्हणून कुणी आत घेतलेलं नाही. स्पर्धा मार्च २०२६ मध्ये, ऑस्ट्रेलियात. इराणही पात्र ठरलंय, मला त्याचाही तेवढाच आनंद झाला.

आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. तैपेईशी सामना १० मार्चला.

हे मी ग्रुपवर टाकलं होतं, बॅच सोडून गेलेल्या मुलीही त्यात आहेत. कुणाचं काही उत्तर आलं नाही. मग ३ नोव्हेंबरच्या सकाळी, ते बाबा प्रश्न विचारून गेल्यावर, गेटपाशी ती उभी दिसली. आता बारावीत, माझ्यापेक्षा उंच झालेली. म्हणाली, "मॅम, तैपेई परत आलीय ना आपल्याला?" मी म्हटलं, हो. "त्या रविवारचा कागद आहे अजून माझ्याकडे. आपली नावं लिहायची राहिली होती ना, तो."

मी किटबॅग उघडून तिला ग्लोव्हज काढून दिले. बोटांत जरा घट्ट होत होते. तिने तसेच चढवले, मनगटाची पट्टी ओढली आणि म्हणाली, दहा मार्चला बारावीचे पेपर चालू असतील. मग वॉर्मअप न करताच गोलमध्ये जाऊन उभी राहिली, तेव्हा मी तिला परत बोलावून आधी दोन फेऱ्या मारायला लावल्या.