ब्रिक्स सारखा, पीएच वेगळा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातली शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाची बाग. एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट, मधे जेमतेम अर्धा किलोमीटर. कलमाचा खुंट दोन्हीकडे ११० आर जातीचा, फळासाठीची गोडी छाटणीही एकाच आठवड्यातली. सकाळी सातला दोन्हींतून शंभर-शंभर मणी काढले: ओळीच्या दोन्ही अंगांचे, घडाच्या खांद्याचे, मधले, टोकाचे. हे पाळलं नाही तर साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आपल्याला हवं तेच दाखवतो.

वरच्या प्लॉटचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २३.६, खालच्याचा २३.८. पीएच मात्र वर ३.५२ आणि खाली ३.९४. पीएच जितका चढा, तितकं आम्ल कमजोर आणि वाइन टिकायला अवघड.

"सर, गोडी तर खाली जास्त आलीय. मग अडलं कुठं?" शेतकऱ्याने विचारलं.

अडलं होतं जमिनीत. वरचा प्लॉट उतारावर, दीड फूट माती आणि खाली मुरूम. पाणी थांबत नाही, त्यामुळे वेल ताणावर येतो, शेंडा थांबतो, मणी लहान राहतो. लाल वाइनचा रंग आणि बरंचसं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, सालीतून येतं. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त. खालचा प्लॉट ओढ्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत. ही माती पाणीही धरते आणि पोटॅशही. तिथे अजून शेंडे चालू होते, घड गर्द सावलीत, आणि सावलीतली पानं पिवळी पडताना आपला पोटॅश घडांकडे लोटतात. त्यात थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची, सवय: मण्यात पाणी उतरलं की ड्रिपमधून ०:०:५० हे पोटॅशचं खत सोडायचं. खायच्या द्राक्षाला ते चालतं. वाइनच्या द्राक्षात तोच पोटॅश टार्टरिक या द्राक्षातल्या मुख्य आम्लाला बांधून टाकतो आणि पीएच चढतो.

बिया चावून पाहिल्या. वरच्या तपकिरी, कुरकुरीत, म्हणजे पिकलेल्या. खालच्या कच्च्या, हिरवट, जीभ आखडेल इतक्या तुरट.

मग आठ दिवस थांबावं का? फ्रान्सच्या बोर्डोत हवा साथ देणार असेल तर थांबतात, कारण तिथे द्राक्ष पिकतं ते दिवस थंड होत जाताना. नाशिकला उलटं. जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या आसपास, आणि मार्चच्या मध्यात दुपार पस्तिशीला टेकते. उष्म्यात मणी स्वतःचं मॅलिक आम्ल जाळत जातो. थांबलो असतो तर बी पिकली असती आणि पीएच चारला गेला असता. थंडीतच पिकावं म्हणून छाटणी आधी घ्यावी, तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर येतो. मग डाऊनी ही बुरशी आणि घडकूज. इथली छाटणीची तारीख हा दरवर्षीचा जुगारच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला दोन्ही प्लॉटची तोडणी लावली, क्रेट वेगळे, टाक्या वेगळ्या. खालच्या टाकीत यीस्टच्या आधी टार्टरिक. लिटरला एक ग्रॅमने पीएच ०.१ उतरतो हा ढोबळ हिशोब, पण पोटॅश भरलेल्या रसात तो फसतो: दोन ग्रॅमला ३.८१, चार ग्रॅमला कुठे ३.६२. तिथवर आणणं भाग होतं. साधारण ३.६५ च्या वर असताना टार्टारचे, म्हणजे पोटॅशने बांधलेल्या टार्टरिकचे, खडे खाली बसले की पीएच आणखी चढतो. त्याखाली असेल तर उतरतो. शिवाय ३.५ ला लिटरमागे ४० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड वाइन टिकवायला पुरतो, ३.९ ला शंभराच्या घरात लागतो. तेवढा घातला तर तो नाकात बसतो, नाही घातला तर तबेल्याचा वास.

तिसऱ्या दिवशी सालींनी आपला पोटॅश सोडलाच: ३.७४. आणखी एक ग्रॅम घातला. वाइन तगली, पण दोन ग्लास शेजारी ठेवले तर कुणीही ओळखेल: वरची माणकासारखी लाल, खालची निळसर, मंद, आणि घोटाच्या शेवटी बाहेरून घातलेल्या आम्लाचा कडक आंबटपणा.

शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी लिहून दिलं: खाली ०:०:५० बंद, फुलोऱ्यात पोटॅश तपासायला पानांचं देठ परीक्षण, मण्यात पाणी उतरल्यावर ड्रिप निम्म्यावर. आणि त्या प्लॉटची तोडणी १९-२० ब्रिक्सलाच, रोझे या गुलाबी वाइनसाठी.