६२.०४१ मधला चार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीला बसणारे एक मामा आहेत. पंपाच्या हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, बोअर (भोकाचा व्यास) मोजायचा, आकडा वहीत लिहायचा, पुढचं कास्टिंग ओढायचं. डाव्या हाताला तेल आणि बिडाची काळी भुकटी, उजव्यात बोअर गेज. दर आकड्याला गेज खाली ठेवून, हात पुसून पेन उचलायचं. दिवसभर तेच. त्यांचं ते हात पुसणं थांबावं म्हणून मी रात्री जागून अंगावर बाळगायचा संगणक जुळवला आणि गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी तो त्यांना चढवला.

कमरेला पाठीमागे रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू या चिमुकल्या संगणकाची डबी, तिला जोडलेला एक ईएसपी-३२, म्हणजे बिनतारी बोलणारी छोटी चिप. दुसरा ईएसपी गेजच्या मुठीवर चढवलेल्या नळीत, चार बोटांखाली चार बटणं. हातमोजा माल पकडून फिरणाऱ्या चकजवळ चालत नाही आणि लोंबती वायर तर नाहीच, म्हणून सगळं बिनतारी. चार बटणं सुटी किंवा मिळून दाबली की १५ खुणा होतात. दहा अंक, दशांश चिन्ह, खोडणं आणि एंटर मिळून १३ लागतात. तिसरा ईएसपी चष्म्याच्या दांडीवर, छोट्या ओलेड पडद्यासकट. तिघं ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीनं एकमेकांशी बोलत.

पडद्यानं मला आधीच एक धडा दिला होता. १२८ बाय ६४ ठिपके म्हणजे एका चित्राला १०२४ बाइट, आणि एका पाकिटात, म्हणजे एका वेळी पाठवायच्या संदेशात, मावायचे २५०. पाच पाकिटांतलं एक हरवलं की चित्राची मधली पट्टी शिळी राहायची. मग चित्र पाठवणंच सोडलं. फक्त अक्षरं पाठवायची, रेखाटायचं काम चष्म्यानं करायचं. '६२.०१८' हे सगळं सहा अक्षरांत जातं.

घरी सगळं झकास चाललं होतं. शॉपमध्ये तासाभरात मामांनी हाक मारली.

"बाळा, हे बघ की. मी ६२.०४१ टाकलो, इथं ६२.०१ दिसतंय."

माझ्या पोटात गोळा आला. तो बोअर ६२ एच सेव्हन या मापाचा, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटर चालतो. ६२.०४१ ला माल बाद. मधला चार गळला आणि बाद माल पास झाला! आकडा दिसलाच नसता तर मामांनी पुन्हा टाकला असता. इथं मात्र चुकीचा आकडा खऱ्यासारखा दिसत होता. मामा कायम तीन दशांश लिहितात, दोनच दिसले म्हणून त्यांना खटकलं.

पहिला संशय शेजारच्या शेडमधल्या इंडक्शन भट्टीवर. चहाच्या वेळी ती बंद झाली तरी आकडे गळतच होते; आणि भट्टी चालते हजारभर हर्ट्झवर, आमचं २.४ गिगाहर्ट्झवर. ऑफिसच्या वायफायपासून दूर जावं म्हणून चॅनल ६ वरून ११ वर गेलो. किंचित फरक, बस्स. मग मुठीतून नुसती १ ते २०० क्रमांकाची पाकिटं सोडली आणि डबीपर्यंत कुठली येत नाहीत ते लॅपटॉपवर बघत राहिलो. मामा माझ्याशी बोलायला वळले की सलग क्रमांक. टेबलावर वाकले की आठ-दहा एकदम गायब.

टेबलावर गेज पुढे, डबी पाठीला, मध्ये मामा. माणसाच्या अंगात बहुतांश पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी पिऊन टाकतं. घरी मी खुर्चीत बसून, डबी समोर ठेवून चाचणी घेतली होती. मामांचं अंग माझ्या नकाशात नव्हतंच.

डबी शर्टाच्या वरच्या खिशात आली. गळती खूप कमी झाली, पण संपली नाही. खरी चूक माझी होती: सोयीसाठी मी पाकिटं सगळ्यांना उद्देशून सोडत होतो. दवंडी पिटणाऱ्याला कोणी ऐकलं का ते कळत नाही. नेमक्या पत्त्यावर पाठवलं तर पोचपावती येते. तिथेच टूलबॉक्सवर लॅपटॉप ठेवून पत्ते घातले. पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचं.

लगेच नवीन घोळ: ६२.०४४१. पाकीट पोचलं होतं, वाटेत पोचपावती हरवली होती, म्हणून मुठीनं तोच चार परत धाडला. प्रत्येक दाबाला क्रमांक दिला, आलेला क्रमांक पुन्हा आला तर डबीनं तो सोडून द्यायचा. आणि चष्म्यावर तेच दाखवायचं जे डबीत उतरलंय, मुठीनं पाठवलेलं नव्हे.

चार वाजता पत्र्यावर पाऊस धडाडत असताना मामा पुन्हा बसले. एका बाजूला वही, एका बाजूला यंत्र, दोन्हीकडे आकडे. चाळीस नग झाल्यावर आम्ही ओळीनं ताडून पाहिले. जुळले. बाद हाउसिंग लाल क्रेटमध्ये गेलं.

निघताना मामा म्हणाले, "एक कर. दशांशाच्या पुढं तीन आकडे झाल्याशिवाय एंटर घेऊच नको म्हणून सांग त्याला."

इतक्या रात्री जागलो आणि हे मला सुचलं नव्हतं. रात्री घरी पोचल्यावर ओले बूट काढायच्या आधी ती ओळ लिहिली.