आमची वाटचाल : कर्लीच्या खाडीतील 'फुग्याची होडी'

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कर्ली नदी मालवणजवळच्या देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते. त्या संगमावर जेट-स्की आणि मोटरबोटींची वर्दळ असते. मात्र तेथून वर, नेरूरपारच्या पुलाच्या दिशेने जावे तसे खाडीचे पाणी संथ होत जाते आणि काठावर कांदळवन दिसू लागते. याच पट्ट्यात आमचा कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीच्या) फेऱ्या काढण्याचा लहानसा व्यवसाय आहे. मी, माझी पत्नी आणि माझा चुलतभाऊ अशी तीनच माणसे तो चालवतो. मूळ व्यवसाय निवास-न्याहारीचा, पण घरी उतरलेले पाहुणे सकाळी काठावर उभे राहून "आत जाता येईल का?" असे विचारू लागले आणि वडिलांची वल्हवायची होडी पुन्हा पाण्यात उतरवावी लागली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर आम्ही मुद्दाम जाऊन पाहिली, आणि इंजिनाच्या आवाजाविनाही लोक पैसे देऊन येतात याची खात्री पटल्यावर कडक प्लास्टिकच्या चार कयाक घेतल्या.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. आमच्या शेडवर माड कोसळला आणि चारपैकी दोन कयाक तळापासून चिरल्या. विमा उतरवलेला नव्हता, हा दोष आमचाच. वादळाची सूचना दोन दिवस आधी मिळाली होती, तरी सव्वातीन मीटर लांबीच्या चार कयाक ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून त्या शेडमध्येच राहिल्या होत्या. घडी करून माळ्यावर टाकता येईल अशा कयाकचा विचार त्या दिवसापासून सुरू झाला.

पुढच्या हंगामात आम्ही हवा भरून वापरायची, दोन माणसांची एक कयाक मागवली. लांबी सुमारे ३.१ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, वल्ही आणि पंप धरून वजन १७ किलोच्या आत. किंमत कडक कयाकच्या एक तृतीयांशाहून थोडी कमी. काठावर तिच्यात पहिल्यांदा हवा भरली तेव्हा काका म्हणाले, "ह्या फुग्यार बसान खंय जातलंस?" तेव्हापासून आमच्याकडे तिचे नाव 'फुग्याची होडी' असेच पडले आहे. आणखी कयाक मागवण्यापूर्वी ही एकच कयाक पूर्ण हंगामभर वापरून पाहायची आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवायची, असे आम्ही ठरवले. या व्यवसायात आम्ही घेतलेल्या निर्णयांपैकी शहाणपणाचा म्हणावा असा हा एकच निर्णय असेल.

पाणी स्थिर असताना एक किलोमीटर अंतर आम्ही दोघे भाऊ कडक कयाकने १३ मिनिटांत आणि या कयाकने १७ मिनिटांत कापत होतो. एवढा फरक पक्षी पाहायला आलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. खरा फरक वाऱ्याने दाखवला. पहाटेचे मतलई वारे पडल्यावर सकाळी दोन-तीन तास खाडी आरशासारखी असते; दुपारी समुद्रावरून खारे वारे सुरू झाले की पाण्यात जेमतेम चार बोटे बुडणारी ही हलकी, फुगीर कयाक पानासारखी आडवी वाहू लागते, आणि तेच एक किलोमीटर अंतर वाऱ्याविरुद्ध कापायला आम्हाला अर्धा तास लागला. तळाला मागच्या बाजूस बसवायची लहानशी फिन दिशा धरायला मदत करते. ती नसेल तर प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरत राहते. परंतु सुकतीला पाणी उतरले की तीच फिन चिखलात रुतते. त्यामुळे फेऱ्या घड्याळाऐवजी भरतीवर बांधाव्या लागल्या. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून महिन्यातील काही सकाळी आमच्या उपयोगाच्याच नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोराचा असतो. त्या मानाने अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे (कमी चढ-उताराचे) पाणी नवख्यांना अधिक मानवते.

दोन माणसांची कयाक म्हणजे काय, हे प्रत्यक्ष दोन माणसे बसवल्याशिवाय कळत नाही. खोक्यावर १८० किलोची मर्यादा छापलेली होती. आमच्या वहीप्रमाणे १४० किलोच्या वर भार गेला की तळाची गादी मध्यभागी खचते, दोघांच्या बैठकांत पाणी साचते आणि कयाक वळायला आळस करते. वजनाच्या वाटणीचाही प्रश्न आहेच. नवरा-बायको आले की नवरा बहुधा मागे बसतो. तो वजनाने बराच जास्त असेल तर नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलली जाते आणि वाऱ्याला आयतेच शीड मिळते. दोन बैठकांमधले अंतर इतके कमी आहे की दोघांनी एका लयीत वल्हवले नाही तर वल्ह्यावर वल्हे आपटते. पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने ती पाहून वल्हवत दिशा सांभाळायची, एवढे आम्ही काठावर वाळूत बसवून पाच मिनिटे शिकवतो. या पाच मिनिटांत पुष्कळ संसारांचे दर्शन घडते. पण तो विषय वेगळा.

पहिली मोठी चूक आमच्या हातून मार्चमध्ये झाली. सकाळची फेरी संपल्यावर कयाक तशीच टच्च भरलेली वाळूत ठेवून आम्ही जेवायला गेलो. बंद नळ्यांतील हवा उन्हाने तापली, दाब वाढत गेला आणि दीडच्या सुमारास फटाका फुटावा तसा आवाज झाला. डाव्या नळीचा जोड वीतभर उसवला होता. याच्या उलट अनुभव सकाळी येतो: काठावर घट्ट भरलेली कयाक गार पाण्यात उतरली की दहा मिनिटांत मऊ पडते. आता आम्ही पाण्यात उतरवल्यानंतर पुन्हा चार-सहा पंप हवा भरतो, आणि काठावर घेताच सर्वांत आधी थोडी हवा सोडतो. दाबमापक नसलेला पंप तेव्हाच बाद केला.

कांदळाच्या मुळांवर आणि काठच्या खडकांवर कालवे (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात व त्यांची धार पात्यासारखी असते. पहिले छिद्र त्यांनीच पाडले. मी ती कयाक बाजारातील पंक्चरवाल्याकडे नेली; त्याने सायकलच्या ट्यूबसारखे ठिगळ मनापासून लावून दिले आणि दुसऱ्या दिवशी ते सोलून हातात आले. त्याचा काही दोष नव्हता. रबराचे सोल्युशन कयाकच्या पीव्हीसी प्लास्टिकला धरत नाही. त्यासाठी पीव्हीसीचेच ठिगळ आणि त्याला चालणारा चिकटद्रव लागतो, जागा कोरडी व घासलेली असावी लागते आणि पुरता एक दिवस दाबून ठेवावे लागते. छिद्र शोधायला मात्र साबणाच्या पाण्यासारखे साधन नाही. कयाकला हवेचे तीन स्वतंत्र कप्पे असल्यामुळे एक गेला तरी ती तरंगत राहते. असे असले तरी लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय आम्ही कोणालाही पाण्यात उतरू देत नाही, मग तो पोहण्यात कितीही तरबेज असो.

ज्या गोष्टीचा आम्ही खरेदीच्या वेळी विचारच केला नव्हता, तिनेच अखेर हिशेब ठरवला: वाळवण. कडक कयाकवर बादलीभर पाणी ओतले की पुढचा पाहुणा बसू शकतो. या कयाकच्या गादीखालच्या घडीत खारे पाणी आणि वाळू अडकते. गोड्या पाण्याने धुऊन, उलटी टांगून, सावलीत दीड तास ठेवल्याशिवाय ती घडी करण्याजोगी होत नाही. एकदा घाईने ओलसरच गुंडाळून माळ्यावर टाकली आणि आठवड्याने उघडली, तेव्हा घरभर कुबट वास पसरला व गादीवर काळे ठिपके उठले होते. तासाच्या भाड्याने दिवसभर फिरवण्याचा आमचा बेत तेथेच संपला.

हंगामाच्या शेवटी वही समोर ठेवून आम्ही तसल्याच आणखी तीन कयाक घेतल्या, पण केवळ सकाळच्या एकाच फेरीसाठी. पुढे कडक कयाकमध्ये भाऊ वाटाड्या म्हणून असतो आणि संगमाच्या बाजूला फेरी नेली जात नाही. दुपारी कोणी कितीही आग्रह केला तरी नकार देतो, आणि त्यापायी काही बुकिंग हातची गेली आहेत. यंदा वरचा व खालचा पापुद्रा आतून धाग्यांनी जोडलेली, जास्त दाब सोसणारी ड्रॉप-स्टिच गादी असलेली एक कयाक चाचणीसाठी आणली आहे. १६० किलोलाही तिचा तळ खचत नाही आणि गादी सुटी निघत असल्याने ती लवकर वाळते. मात्र किंमत पहिलीच्या तिपटीहून अधिक आहे. तिच्या नोंदींसाठी वहीची नवी पाने पत्नीने आखून ठेवली आहेत. जोड उसवलेली पहिली कयाक ठिगळे लावून अजून टिकून आहे. ती पाहुण्यांना देत नाही, तिच्यातून काका जाळे टाकायला जातात.