सिग्नल तुटण्याचे मूळ अखेर सापडले

घरातल्या सायकल ट्रेनरचा (सायकल जागीच ठेवून चालवताना भार देणारे आणि वॅट मोजणारे यंत्र) लॅपटॉपकडे जाणारा बिनतारी सिग्नल मधेच तुटण्याने मागच्या नोंदीत मी जेरीस आलो होतो; त्याचे कारण अखेर हाती लागले आहे आणि झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या अॅपमधला आल्प द्यू झ्विफ्ट हा घाट पहिल्या वळणापासून माथ्यापर्यंत वॅटचा आकडा एकदाही शून्यावर न जाता चढून झाला आहे. पुण्यात पावसाची झड लागल्यापासून सिंहगडाच्या घाटाचा भरवसा उरलेला नाही; तेव्हा १२.२ किलोमीटरांत १०३६ मीटर चढवणारी ही एकवीस वळणेच सध्या माझा सिंहगड आहेत. माथ्यावरच्या सोडतीत पडद्यावरच्या स्वाराला हलकी चाके लागतील अशी आशा होती, हातमोजे मिळाले. तेही मी लगेच चढवले.

आता मूळ दुखण्याविषयी. अर्ग मोडमध्ये (ट्रेनर स्वतः भार बदलून ठरवलेले वॅट राखतो ती पद्धत) २०० वॅटचा टप्पा सुरळीत चाललेला असताना आकडा अचानक शून्य होई, पडद्यावरचा स्वार जागीच थांबे आणि काही सेकंदांनी सिग्नल परतला की ट्रेनर इतका जड लागे की नव्वदीतला केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) साठीच्याही खाली येई. केडन्स घसरला की तेवढेच वॅट राखण्यासाठी अर्ग मोड भार वाढवतो, भार वाढला की केडन्स आणखी घसरतो, आणि या फेऱ्यात सापडल्यावर पायडल थांबवून पुन्हा हलकी सुरुवात करण्यावाचून इलाज नसतो. ब्लूटूथ वापरावे असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. परंतु माझा ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतो आणि मला लॅपटॉपबरोबर सायकल कॉम्प्युटरवरही नोंद हवी असते, म्हणून एकाच वेळी अनेक उपकरणांना सिग्नल देणारे अँट प्लस हे बिनतारी तंत्र सोडण्याची माझी तयारी नव्हती.

झ्विफ्टची लॉग फाइल तिचे विश्लेषण करणाऱ्या झ्विफ्टलायझरमध्ये टाकून पाहिली, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. सोप्या, निवांत राइडच्या दिवशी सिग्नलचा आलेख भरगच्च होता आणि कठीण वर्कआउटच्या दिवशी त्याला जागोजागी खिंडारे पडलेली होती. वॅट वाढल्याने सिग्नल कसा तुटेल, हे कोडे काही सुटेना. उत्तर शेवटी टेबलावर मिळाले: कठीण वर्कआउटच्या दिवशी मन रमावे म्हणून मी बाहेरच्या हार्ड डिस्कवरची मालिका लावतो आणि ती डिस्क अँट प्लसचा सिग्नल पकडणाऱ्या यूएसबी डोंगलच्या अगदी शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० पोर्टात असते. यूएसबी ३.० ची वाहतूक चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. अँट प्लस नेमके त्याच पट्ट्यात आणि अत्यंत क्षीण शक्तीवर चालते. त्यात लॅपटॉप पुढे, ट्रेनर मागे आणि मधे घामाने निथळणारा मी. ही लहर पाण्यात शोषली जाते, त्यामुळे शरीराचीही भिंतच होते.

उपाय मात्र अगदी स्वस्तात झाला. तापकीर गल्लीतून यूएसबीची एक्स्टेंशन वायर आणली आणि डोंगल लॅपटॉपपासून दूर, मागच्या चाकाच्या बाजूला मॅटवर ठेवला. तिथे मिळालेली पहिली, दोऱ्यासारखी बारीक वायर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर डोंगल ओळखलाच जाईना. जाड, शील्ड असलेली वायर थोडी महाग पडते, पण डिस्क जोडलेली असूनही आलेख आता सलग येतो.

कॅलिब्रेशनबाबत, म्हणजे ट्रेनरचे वॅटचे मोजमाप जुळवण्याबाबत, थोडक्यात. चाकावर टेकणाऱ्या ट्रेनरला स्पिनडाउन (चाक वेगात फिरवून आपोआप थांबू देण्याची मोजणी) दहा मिनिटे टायर तापवूनच करावे आणि हवेचा दाब दर वेळी सारखाच ठेवावा, नाहीतर कालचे २०० वॅट आणि आजचे २०० वॅट यांची तुलनाच होत नाही. रोलरखाली साचणारी रबराची काळी भुकटी ट्रेनर टायर बसवल्यापासून जवळपास थांबली आहे. आवाज मात्र थांबलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा जिन्यात गाठून, ‘घरघंटी घेतलीत का? आमचेही दळण देऊ का?’ असे विचारले.

त्यामुळे सिग्नलसाठी नव्हे, तरी शांततेसाठी डायरेक्ट ड्राइव्ह (मागचे चाक काढून साखळी थेट जोडायचा ट्रेनर) घ्यावा असा विचार या महिन्यात पक्का होत आला होता. हे लिहिता लिहिता तो पुढे ढकलत आहे, कारण आधी जाड रबरी मॅटचा दुसरा थर घालून पाहणे कितीतरी कमी खर्चाचे आहे. आणखी एक गोष्ट आत्ताच सुचली. अँट प्लसची नेहमीची वारंवारता २४५७ मेगाहर्ट्झ आहे आणि माझा राउटर ११ व्या चॅनलवर, म्हणजे २४६२ भोवती बसलेला आहे. दोघांची सरळ धक्काबुक्की होत असणार. सोसायटीतले शेजारचे राउटर माझ्या हातात नाहीत, पण निदान माझा १ ल्या चॅनलवर हलवता येईल.

म्हणून रविवारची रॅम्प टेस्ट आता राउटर हलवल्यावरच देईन. दर मिनिटाला २० वॅट चढत जाणाऱ्या या चाचणीत सर्वोत्तम मिनिटाच्या ७५ टक्के हाच एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) धरला जातो, तेव्हा नेमक्या शेवटच्या मिनिटात सिग्नल गेला तर सगळी मेहनत पाण्यात. मालिका त्या दिवशी बंद, आणि डिस्क कपाटात.