बिलाच्या तळाशी छापलेली ओळ

एप्रिलमध्ये नागपूरचा पारा चाळिशीपार गेला, तेव्हा सीताबर्डीतील एका दुकानातून मी 11,500 रुपयांचा कूलर घेतला. घरी टाकी भरताच तळाच्या सांध्यातून पाणी गळू लागले. दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी बिलाच्या तळाशी बोट ठेवले: ‘विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.’ मीही मुकाट्याने परतलो.

रात्री बिल आणि यूपीआयचा संदेश शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा पैसे 6.40 ला जमा झाले होते आणि बिल 6.52 ला छापले गेले होते. म्हणजे सौदा पुरा झाल्यावर ती अट माझ्या हाती आली होती. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 62 नुसार विक्रेत्यावर कायद्याने येणारी जबाबदारी स्पष्ट कराराने, उभयतांमधील आजवरच्या व्यवहाराच्या रीतीने किंवा दोघांनाही बांधील असणाऱ्या व्यापारी प्रथेने टाळता येते. पण मी त्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढलो होतो आणि करार करताना या ओळीचा उच्चारही झाला नव्हता. कलम 16 प्रमाणे, अशाच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा लागतो. आधी पाहून घेतलेल्या मालातील पाहताच ध्यानात यावा असा दोष मात्र यातून वगळला आहे. कोरड्या टाकीची गळती कोणाला दिसणार?

मी दोष, दोन्ही वेळा आणि परताव्याची मागणी लिहून पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवले. बिलात मुदत दिलेली नसताना सदोष माल परत घेऊन 30 दिवसांत पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही त्यात नमूद केले. उत्तर आले नाही. मग गळतीची छायाचित्रे जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नसते, त्यामुळे वकील न लावता खर्च टपाल आणि झेरॉक्सपुरताच राहिला. अट मुळातच अन्यायकारक ठरवून मागायची असती, तर राज्य आयोगाकडे जावे लागले असते. मी तो मार्ग टाळून सदोष मालावरच बोट ठेवले.

आयोगाची नोटीस पोहोचल्यावर आठवडाभरात दुकानदारांचाच फोन आला. त्यांनी माणूस पाठवून कूलर उचलून नेला आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा केली, त्यानंतर मी तक्रार मागे घेतली. वाळ्याच्या ताट्या वेगळ्या दुकानातून आणल्या होत्या. त्या अजून माळ्यावर पडून आहेत.