फादरना कधी बोलवायचं?

११ फेब्रुवारी

आज लूर्दमातेचा, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दच्या मारियामातेचा, सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवला, म्हणून आज पुष्कळ चर्चमध्ये मिस्सेतच (मुख्य उपासनेतच) आजाऱ्यांना रुग्णाभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, दिला जातो. कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी सगळ्यात जास्त धास्ती याच एकाची. तेलाची डबी घेऊन फादर दारात आले की शेजारी समजतात, आटोपलं.

ही धास्ती मुळात नव्हती. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१४-१५) सरळ लिहिलंय: कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील. मरणाचा उल्लेखही नाही. पुढे मध्ययुगात हा संस्कार मरणशय्येपर्यंत ढकलला गेला. एकदा तेल लागलं की बरं झाल्यावरही संसारसुख वर्ज्य, अशा समजुती होत्या. मग कोण लवकर बोलावणार! जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं की हा केवळ मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीच बदलला. आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं जागोजागी तेल लावत. आता कपाळ आणि दोन्ही हात. घाई असेल तर फक्त कपाळ पुरे.

मग कधी बोलवायचं? आजार गंभीर आहे हे कळल्यावर. गंभीर दुखण्यासाठी ऑपरेशन ठरलं असेल तर त्याच्या आधी. वयाने खूप थकलेल्यांना ठरावीक आजार नसला तरी चालतो. समज आलेल्या मुलांनाही देतात. सर्दी-पडशाला नाही. आजच्यासारख्या दिवशी धडधाकट माणसंही रांगेत उभी राहतात, ते मला पटत नाही. बरं होऊन पुन्हा गंभीर दुखणं आलं, किंवा त्याच दुखण्यात प्रकृती आणखी ढासळली, तर संस्कार पुन्हा घेता येतो.

तेल ऑलिव्हचं, नाहीतर दुसरं कुठलंही वनस्पतीजन्य. ते पवित्र सप्ताहात बिशप आशीर्वादित करतात. अडचणीच्या वेळी फादर विधीतच करू शकतात. संस्कार मात्र धर्मगुरूच देतो. डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक), सिस्टर किंवा घरातलं कोणी देऊ शकत नाही. तीर्थक्षेत्राहून आणलेलं तेल आजीच्या गुडघ्याला चोळणं ही भक्ती आहे, संस्कार नव्हे.

विधी छोटाच असतो: पवित्र पाणी शिंपडणं, लहानसं वाचन, मग फादर काही न बोलता रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात. घरचे नेमके याच वेळी गडबडतात, कारण शांतता त्यांना सोसवत नाही. त्यानंतर तेल. कपाळाला लावताना पवित्र आत्म्याच्या कृपेने साहाय्य मागितलं जातं, हातांना लावताना पापातून मुक्ती, तारण आणि उभं राहण्याचं बळ. दोन्ही वेळा ‘आमेन’ रुग्णाने म्हणायचं असतं. माझ्या मते या संस्काराचा सगळा अर्थ त्या ‘आमेन’मध्ये आहे. आजारी माणसावर फक्त काहीतरी करायचं नसतं, त्याने उत्तर द्यायचं असतं. आणि ते उत्तरच आपण उशीर करून हिरावून घेतो.

‘बाबा घाबरतील’ म्हणून थांबतात, मग व्हेंटिलेटर लागतो. कन्फेशन (फादरजवळ पापांची कबुली) राहून जातं, कम्युनियन (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) गिळता येत नाही. शुद्ध हरपलेल्यालाही तेल लावतात, कारण शुद्धीत असता तर त्याने मागितलं असतं असं धरतात. मनात पश्चात्ताप असेल तर पापक्षमाही मिळते. पण मरणाऱ्याचा खरा शेवटचा संस्कार तेल नाही, कम्युनियन आहे, वाटेची शिदोरी म्हणून दिलेलं. फादर अडकले असतील तर ही शिदोरी कम्युनियन देण्यासाठी नेमलेली व्यक्तीही आणू शकते. एक तासाच्या उपवासाची अट रुग्णाला नाही, त्याची सेवा करणाऱ्यांनाही नाही. घास गिळवत नसेल तर होस्तीचा (त्या पवित्र भाकरीचा) अगदी बारीक तुकडा आणि घोटभर पाणी. तेही जमत नसेल तर मिस्सेत पवित्र केलेल्या द्राक्षारसाचे थेंब. ऑपरेशनआधी तोंडाने काही द्यायचं नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणीही नको.

माणूस गेल्याची खात्री असेल तर तेल लावत नाहीत, फक्त प्रार्थना करतात. शंका असेल तर लावतात. ‘निदान तेल तरी लावा’ असा हट्ट माणूस गेल्याची खात्री असताना फादरकडे धरू नये.

घरी तयारी फार लागत नाही. छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पेलाभर पाणी, हात पुसायला कापूस. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. कन्फेशनच्या वेळी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. टीव्ही बंद करायला कोणी सांगावं लागू नये. फोन करताना फादरना चार गोष्टी सांगा: रुग्ण शुद्धीवर आहे का, गिळू शकतो का, हॉस्पिटलचा वॉर्ड आणि खाट कोणती, आयसीयूत भेटीची वेळ काय.