तुम्ही विचारलंत म्हणून : डिझायनरला हायपररिअल पोर्ट्रेट जमेल का?

"वीस वर्षं लेआउट आणि पॅकेजिंग केलं, आता हायपररिअल पोर्ट्रेट करायची आहेत. जुन्यातलं काय कामाला येईल?" कमर्शियल आर्टवाल्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. (हायपररिअल म्हणजे फोटोवरून इतकं बारीक रंगवलेलं चित्र, की ते फोटोच वाटावं.) माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात : सॉफ्टवेअरचा हात फारसा उपयोगाचा नाही, छपाईची जाण मात्र भरपूर कामाला येते.

चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराचं 'मार्क' (१९७८–७९) बघा. नऊ फूट उंचीचा चेहरा त्याने सायन, मजेंटा आणि यलो अशा तीनच रंगांचे थर एकावर एक देऊन उभा केला. कलर सेपरेशन, म्हणजे छपाईसाठी चित्र एकेका शाईच्या रंगात वेगळं करण्याचं काम, केलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिला घोटाळा फोटोतच होतो. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि तीच चूक तुम्ही पुढे दोनशे तास इमानेइतबारे रंगवत बसता. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ ते १०० एमएमची लेन्स, माणसापासून दोन मीटर, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११, आणि खिडकीचा एका बाजूने येणारा उजेड. एक फोटो स्टॉपभर जास्त एक्स्पोजरचा, म्हणजे दुप्पट उजेड घेऊन, काढून ठेवा. कॅमेरा हनुवटीखालची सावली सपाट काळी करून टाकतो; ती तशीच रंगवली की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं.

कॅनव्हासची वीण बारीक कामाच्या मुळावर येते. साइनबोर्डवाल्यांकडची ३ मिमीची एसीपी शीट (दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) त्यापेक्षा बरी, पण पॉलिएस्टर कोटिंगची. पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्रकारच्या कोटिंगवर रंग धरत नाही. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, मग जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) चार पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळला की ४०० नंबरने घासायचं.

आयड्रॉपरची, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फोटोतला रंग क्लिक करून उचलण्याची, सवय सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. स्क्रीनवरचा रंग म्हणजे उजेड, ट्यूबमधला म्हणजे माती. त्यापेक्षा मॅट प्रिंटवर पारदर्शक ओएचपी फिल्म ठेवा, मिसळलेल्या रंगाचा ठिपका तिच्यावर लावा आणि डोळे किलकिले करा. ठिपका दिसेनासा झाला की रंग जुळला. सावळी त्वचा पांढरा घालून उजळवायला गेलात तर ती राखाडी, चुना फासल्यासारखी होते. आधी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाने उजळा. पांढरा शेवटी, तोही चिमूटभर.

आता रंध्रं. नवखा माणूस गालावर गडद ठिपके देत सुटतो आणि चेहऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते. रंध्र हा ठिपका नाही, खळगा आहे. उजेड डावीकडून वरून येत असेल तर खळग्याची डावी-वरची कड सावलीत जाते आणि उजवी-खालची उजळते. प्रत्येक रंध्र म्हणजे अशी गडद-फिक्या कडेची जोडी, तीही शेजारच्या रंगापेक्षा जेमतेम एक छटा इकडेतिकडे. जोडी उलटी पडली की रंध्राची पुटकुळी होते! शिवाय नाकावर ती मोठी आणि गोल असतात, गालावर त्वचेच्या ताणाबरोबर लांबट होतात आणि डोळ्याखाली जवळजवळ नसतातच. सगळीकडे सारखी काढली की पॅटर्न फिल, म्हणजे सॉफ्टवेअरने एकच नक्षी पुन्हा पुन्हा भरल्यासारखं, दिसतं. चारशे टक्के झूमची सवय इथेच घात करते : कानाची पाळही डोळ्याइतकीच कातीव होते. दर अर्ध्या तासाने दहा फूट मागे जा.

तेलरंगात खालच्या थरासाठी बर्न्ट अंबर घ्या, एक-दोन दिवसांत वाळतो. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो. तो खाली आणि वर लवकर वाळणारा थर दिलात की तडे जातात. पावसाळ्यात सगळंच लांबतं, शिवाय कॅनव्हास वापरलाच असेल तर मागून बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

राहिला क्लायंट. तो इथेही सुटत नाही, फक्त 'लोगो जरा मोठा करा'च्या जागी 'सुरकुत्या जरा कमी करा' येतं. रंगाला हात लावण्याआधी फोटोच्या प्रिंटवर त्याची सही घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ.